डावा हात वर करा

“सांगतो, पण तुम्हाला पटणार नाही,” मी म्हणालो. “आजवर कुणालाच पटलेलं नाही. पटेल अशी गोष्ट सांगायला मी काय शाळामास्तर आहे?”

इचलकरंजीतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात, तळघरातल्या एक्स-रे खोलीबाहेर, बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. मी सतरा नंबर, तीन आठवड्यांचा खोकला. माझ्या शेजारी मनगट सुजवून आलेल्या एक मावशी, सोळा नंबर. पलीकडे मागावरचा एक कामगार डोळे मिटून बसला होता. तो ऐकत होता की झोपला होता, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

समोरच्या भिंतीवर पेपरातलं एक कात्रण फ्रेम करून लावलं होतं. चष्मा, शाल, हातात नारळ. विषय मावशींनीच काढला होता.

“पण हे कोण म्हणायचं ओ, तेवढं सांगा की आधी.”

“हे डॉक्टर केळुसकर. रेडिऑलॉजिस्ट. म्हणजे असा डॉक्टर, जो पेशंटकडं बघत नाही, पेशंटच्या फोटोकडं बघतो. यांनी इंटरनेटवर हजार-बाराशे एक्स-रे टाकले, प्रत्येकाखाली तो कसा वाचायचा ते लिहिलं, आणि देशोदेशीची डॉक्टरकीची पोरं ते बघून शिकली. फुकट. म्हणून ही शाल.”

“मग चांगलंच की.”

“काय चांगलं? यांच्या बरोबरीच्यांनी कोल्हापुरात स्वतःची मशिनं टाकली. एकाच्या दारात दोन गाड्या आणि एक घोडा आहे.”

“घोडा कशाला?”

“तेच तर. इतकं झालंय की काय घ्यावं ते सुचत नाही. आणि हे शहाणे इथं तळघरात बसून कोण कुठल्या केनियातल्या पोराला बरगड्या मोजायला शिकवत होते. मावशी, एकतीस वर्षं मी या खोलीत फोटो काढले. काढायचे मी, धुवायचे मी, वाळवायचे मी. हे खाली चार ओळी लिहायचे. लग्नात वाढप्यानं राबायचं आणि आहेर भटजीला, त्यातली गत.”

दार उघडलं. आत प्रणोती नावाची मुलगी मशीन चालवते. वर्षभर झालं असेल तिला लागून. आल्या आल्या मी तिला सांगून ठेवलं होतं, पोरी, ही खोली माझी, तू भाडेकरू. ती हसून ‘बसा अण्णा’ म्हणाली होती.

“सोळा नंबर. मावशी, डावा हात वर करा.”

“सुजलाय उजवा.”

“असू दे. डावा वर करा.”

मावशींनी केला. प्रणोतीनं तो नीट बघून घेतला आणि मगच त्यांना आत नेलं.

“हजेरी,” मी डोळे मिटलेल्या कामगाराला म्हणालो. “बालवाडी काढलीय. सकाळपासून सोळा जणांना हात वर करायला लावला. आमच्या वेळी डावं-उजवं माणसाकडं नुसतं बघून कळायचं. एकदा सर्कस आली होती, तिच्यातल्या हत्तीचा पाय दुखावला. बावीस फिल्म जोडून त्या पायाचा फोटो मीच काढला. त्या हत्तीलासुद्धा ‘डावा’ म्हटलं की तो डावाच उचलायचा.”

“तळघरात हत्ती उतरला?” मावशी बाहेर येत म्हणाल्या. कान तिखट होते.

“हत्ती नाही उतरला. मशीन वर नेलं.”

“बरं,” मावशी म्हणाल्या आणि फोटो मिळेपर्यंत परत बाकावर बसल्या. त्या ‘बरं’मध्ये जे होतं ते मी ओळखतो. आमच्या घरीही तसलंच मिळतं.

प्रणोती दारातच उभी होती. तिच्या हातात शिशाचं अक्षर होतं, मागं चिकटपट्टी.

“अण्णा, तुमच्या वेळीही शिशाचंच अक्षर ना?”

“तुझ्या हातात आहे त्याला अक्षर म्हणत असशील तर आमचं वेगळं होतं.” मग मावशींना सांगावं लागलं. “फोटोत कुठली बाजू कुठली ते कळायला फिल्म असते त्या प्लेटच्या कोपऱ्यात शिशाचं इंग्रजी अक्षर चिकटवायचं. डावीकडं एल, उजवीकडं आर. बास. पण तेवढं एक अक्षर नसेल तर मोठा सर्जनसुद्धा आंधळा. दवाखान्याची अक्षरं पापडासारखी पातळ. मी बंद पडलेल्या छापखान्यातलं शिसं आणलं, बायकोच्या फोडणीच्या पळीत वितळवलं आणि स्वतःची अक्षरं ओतली.”

“ती पळी परत वापरली?” मावशी.

“मेहुणा जेवायला यायचा तेव्हा. आता ऐका. एलच्या टाचेला मी बारीक भोक पाडलं, दोरा ओवायला. शिसं फोटोत पांढरं उमटतं, भोक काळं. मोहरीएवढा ठिपका. हुपरीचा कारागीर पैंजणाला आपली खूण ठेवतो ना, तशी ती माझी खूण. सगळ्या गावात कुठल्याही छातीत तो ठिपका दिसला की समजायचं, हा पारिस कुंभोजेच्या हातचा माल.”

“आणि तुम्ही रजेवर गेला की?” प्रणोतीनं विचारलं.

“खिशात. घराच्या किल्लीबरोबर एकाच दोऱ्यात. न्हाणीत जाताना तेवढी खुंटीला लावायचो. दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू दिली असती तर मी माझी मिशी उतरवली असती.”

“भारी,” प्रणोती म्हणाली आणि आत गेली. दार तिनं अर्धंच लोटलं.

मावशींनी मनगट मांडीवर नीट ठेवलं. “ह्या डॉक्टरांचं सांगत हुता न्हवं, पटणार नाही म्हणून.”

“तर. यांची एक केस आहे. सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेली. आणि ती सपशेल चूक आहे.”

कामगारानं एक डोळा उघडला आणि मिटला.

“केळुसकरांना नाद दुर्मिळाचा. कुणाला तितर पाळायचा असतो, कुणाला जुनी नाणी. यांना विचित्र फोटो. दुपारी चारला पेशंट संपले की उजेडाच्या पेटीवर फोटो टांगायचा, समोर कॅमेरा मांडायचा आणि म्हणायचं, ‘कुंभोजे, पट्टी.’ पट्टी म्हणजे फिल्मच्या पाकिटातला काळा कागद. फोटोच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं, ते त्या कागदानं झाकायचं. जगाला छाती दाखवायची, नाव नाही. एकदा मी कंटाळून सगळा कोपराच झाकला, शिशाच्या अक्षरासकट. तर कात्री माझ्या हातून घेतली, पट्टी स्वतः कापली आणि म्हणाले, ‘नाव झाका, कुंभोजे. बाजू झाकायची नाही.’ आवाज चढवला नाही, काही नाही. मला असले साहेब चालत नाहीत. शिव्या देणारा परवडतो. शिवी दिली की विषय संपतो.”

“केस काय ती सांगा.”

“त्या दिवशी मी नव्हतो. नेज गावात भाचीचं लग्न. खोलीवर दस्तगीर मुजावर होता, माझा जोडीदार. आता नाही बिचारा. हात बरा, डोकं बेताचं. तर वॉर्डातून रावसाब चौगुले म्हणून एक माणूस खाली आणला. कारखान्यात माग दुरुस्त करणारा. धाप इतकी की नाव सांगताना ‘राव’ आणि ‘साब’च्या मध्ये दम खायचा. छातीचा फोटो. बाहेर वीस जणांची रांग, कुणीतरी दार बडवतंय. आता बघा, मावशी. छातीच्या फोटोला माणूस आपल्याकडं पाठ करून उभा राहतो. पाठमोऱ्या माणसाचं डावं आपल्या डाव्याच हाताला येतं. पोटाच्या फोटोला तो आपल्याकडं तोंड करतो, तेव्हा उलटं. दिवसभर पाठमोरा, समोरचा, पाठमोरा, समोरचा. हजार वेळा बोटं बरोबर जातात. एक हजार एकाव्या वेळी डाव्याचं अक्षर उजवीकडं चिकटतं. चिकटताना काही वाटतसुद्धा नाही. नेहमीसारखंच वाटतं.”

“दस्तगीरनं चिकटवलं.”

“दस्तगीरनंच. मी नेजला.”

“हं.”

“डॉक्टरांनी अक्षर बघून फोटो टांगला. अक्षर सांगेल ती बाजू, हा नियम. आणि दिसलं काय, तर काळीज उजवीकडं. दहा-बारा हजारांत एखाद्याचं खरंच तिकडं असतं. वीस वर्षं वाट बघितली होती यांनी असल्या माणसाची. खुर्चीवरून उठले ते नव्या नवरदेवासारखे. ‘अहो, उजवं काळीज. पट्टी आणा.’ फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं, तेही अर्थात उजवीकडं दिसत होतं. वॉर्डात फोन केला, पाणी उजव्या बाजूला आहे, काढायला घ्या. आणि स्वतः बसले लिहायला.”

“आणि पाणी हुतं डावीकडं.”

“डावीकडं. वर एक नवा सर्जन, दोन दिवस न झोपलेला. त्यानं रावसाबला टेबलावर वाकवून बसवला, उजव्या पाठीला तपकिरी औषध फासलं, बधिर करायची बारीक सुई टोचली. रावसाब म्हणाला, ‘डॉक्टर, मला दुखतंय तर डाव्या अंगाला.’ सर्जन म्हणाला, ‘मामा, फोटोत उजवीकडं आहे.’ रावसाब म्हणाला, ‘मग असंल बाबा. फोटूला काय पडलंय खोटं बोलायला.’”

मावशी बाकावर माझ्याकडं सरकल्या.

“आता हिशेब सोपा आहे. त्याचं डावं फुप्फुस पाण्यात बुडालेलं. चालू होतं ते उजवं एकटं. त्या चालू फुप्फुसात दाभणासारखी सुई गेली असती म्हणजे फुगा फुटला असता. बुडालेलं बुडालेलं आणि चालतं तेही बसलं. तो माणूस त्या टेबलावरून उठला नसता.”

“अगं बाई.”

“आणि खाली हे जगद्गुरू काय करत होते? निबंध. पेशंटच्या पाठीला सुई लागायची वेळ आली, यांना मथळा सुचेना. मग सुचला, तर पुढं अडले. यांचा एक खुळा नियम. प्रत्येक फोटोखाली एक ओळ हवी, पेशंटला तपासल्यावर काय आढळलं त्याची. आणि ती ऐकीव चालायची नाही. लिहायचं होतं एवढंच, ‘हृदयाचे ठोके उजव्या बाजूला ऐकू येतात.’ आता मला सांगा, ब्राझीलहून कोण तपासायला येणार होतं? लिहून टाकायचं. मी असतो तर ठोक्यांची संख्यासुद्धा लिहिली असती. हे पेन ठेवून उठले.”

“बरं झालं म्हणायचं.”

“तीन जिने चढले, पोट सांभाळत. यांच्याकडं स्टेथोस्कोप नाही. फोटोवाल्याला तो कशाला लागतो? सिस्टरचा मागून घेतला आणि कानात उलटा घातला. अख्खा वॉर्ड हसला. सर्जनच्या हातात मोठी सुई तयार. हे मध्ये घुसले. ‘एक मिनिट थांबा, मला एका ओळीपुरतं ऐकायचंय.’ रावसाबला सरळ बसवला, उजवीकडं नळकांडं लावलं. काही नाही. परत लावलं. मग डावीकडं लावलं. मग ते नळकांडं कानातून काढून टाकलं आणि नुसता तळहात ठेवला त्याच्या डाव्या छातीवर. बराच वेळ. रावसाब त्यांच्याकडं बघतोय, ते भिंतीकडं. आणि हात तसाच ठेवून सर्जनला म्हणाले, ‘ती सुई खाली ठेवा.’”

मावशींनी माझ्याकडं नीट वळून बघितलं. “तुम्ही तर डोळ्यानं बघितल्यागत सांगालाय. लग्नात हुता न्हवं?”

“दस्तगीरनं सांगितलं. तो डॉक्टरांच्या मागोमाग वर गेला होता, हातात रिकामी प्लेट तशीच राहिली होती. वॉर्डाच्या दारात उभा. प्लेट चौकटीवर टकटक वाजायला लागली. सिस्टर म्हणाली, आवाज बंद करा. आता तो काय मुद्दाम करत होता?”

“हे बी त्यानंच सांगितलं.”

“तर कुणी?”

मी खोकून घेतलं.

“परत फोटो काढला, या वेळी रावसाबला विचारून. डावीकडून दीड लिटर पाणी निघालं. दोन-तीन आठवड्यांत माणूस पायानं घरी गेला. दिवाळीत डॉक्टरांना धोतरजोडी घेऊन आला, स्वतःच्या मागावरची. डॉक्टर जन्मात पँटवाले. ती जोडी त्यांनी खोलीतल्या कपाटात ठेवली, फोटोंच्या वर. अधीक्षकांनी त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं. ‘फोटो काढला कुणी?’ हे म्हणाले, ‘वाचला मी.’ ‘ते कळलं. काढला कुणी?’ ‘साहेब, काळीज उजवीकडं दिसल्यावर मी माणसाकडं जायला हवं होतं. मी कॅमेऱ्याकडं गेलो. चूक ती आहे.’ अधीक्षकांनी चार वेळा विचारलं. यांनी चार वेळा तेच सांगितलं. नाव म्हणून काढलं नाही.”

“मोठ्या मनाचा माणूस.”

“कसला मोठ्या मनाचा? हौस. लोकांना कौतुकाची हौस असते, यांना चुकल्याची. त्याच संध्याकाळी ती केस इंटरनेटवर टाकली. मथळा, ‘ही केस मी चुकलो.’ खाली सगळं लिहिलं. दुर्मिळाचा नाद, वॉर्डातला फोन, उजव्या पाठीला टोचलेली ती बारीक सुई, रावसाब काय म्हणाला तेसुद्धा. घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडावं तसं. बाराशे बरोबर वाचलेल्या केसा पडल्या बाजूला आणि ही एक चुकलेली जगभर फिरली. कुठकुठल्या देशांतून पत्रं. कुणी लिहिलं, आमच्याकडंही असंच झालं होतं, आम्ही दाबलं. कुणी लिहिलं, आम्ही आता अक्षर लावायच्या आधी पेशंटला हात वर करायला लावतो. झालं. यांनी इथंही ते सुरू केलं.”

मावशींनी स्वतःच्या डाव्या हाताकडं बघितलं. “म्हणजे मगाशी त्या पोरीनं मला...”

“तेच. यांची बालवाडी.”

“आणि दस्तगीरला काय बोललं डॉक्टर?”

“काही नाही.”

“काहीच न्हाई?”

“एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता, ‘पट्टी.’ तिसऱ्या दिवशी चार वाजता, ‘पट्टी.’ ते निवृत्त होईपर्यंत सात वर्षं, रोज, ‘पट्टी.’ तेवढ्याच आवाजात. असल्या माणसाला काय म्हणायचं? चूक झाल्यावर ओरडावं, कागद काढावा, चारचौघांत लाज काढावी. मग माणूस घरी जाऊन जेवतो. हे नुसते कात्री पुढं करतात. इतका भेकड साहेब मी पाहिला नाही. आणि त्याला शाल.”

मावशींचं बोट हवेतच थांबलं. “पण पट्टी तर तुम्हाला मागायचं न्हवं...”

तेवढ्यात दार उघडलं.

“सतरा नंबर,” प्रणोती म्हणाली.

मी घाईनं उठलो. इतक्या घाईनं की मावशी म्हणाल्या, सावकाश ओ, पडशीला.

“अण्णा, डावा हात वर करा.”

“पोरी, या खोलीत एकतीस वर्षं मी...”

“वर करा.”

केला. तिनं तो बघितला, माझ्या डाव्या खांद्यापाशी प्लेटवर अक्षर चिकटवलं, वरून अंगठ्यानं दाबलं. मग माझी छाती प्लेटला लावली, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढं. असं उभं केलं की माणसाला मागं बघता येत नाही. मी हजारोंना असं उभं केलंय. नजरेसमोर नुसती भिंत असते. दार तिनं अजून लावलं नव्हतं. बाहेर बांगड्या वाजल्या, म्हणजे मावशी बाकावरून उठून दारापाशी आल्या असाव्यात.

“मोठा श्वास घ्या,” माझ्या पाठीमागून प्रणोती म्हणाली. “रोखा.”

रोखला.

“ती केस आम्हाला कॉलेजात पहिल्याच दिवशी दाखवली, अण्णा. नाव काळ्या पट्टीनं झाकलंय, बाजू झाकलेली नाही. त्या एलच्या टाचेला भोक आहे.”